तिसऱ्यांचं माप

एक्स-रे स्वच्छ आला तेव्हा
मी मनातल्या मनात म्हणालो, सुटलो.
दोसिंदा मात्र तो काळा कागद खिडकीशी धरून
कितीतरी वेळ बघत राहिली,
न परतलेल्या बोटीचं नाव यादीत शोधावं तशी.

बत्तीस वर्षं ती खाडीच्या ओल्या वाळूत वाकली.
गालिसियाच्या या किनाऱ्यावर हे बायकांचंच काम:
ओहोटी लागली की दाताळं घेऊन उतरायचं,
तिसऱ्या उकरायच्या,
पाणी चढायच्या आत बादली भरायची.
तेव्हाही दुखायचं.
कंबर धरायची, पायात गोळा यायचा, बोट कापायचं.
त्या दुखण्याला जागा होती, कारण होतं,
आणि रविवारपर्यंत ते निघून जायचं.

हे तसलं नव्हतं.
आज खांद्यात ठणका, उद्या तळपायात आग,
परवा केसांच्या मुळाशी.
रात्रभर झोपून उठली तरी
रात्रभर वल्ही मारल्यासारखी.
शिवण टोचते म्हणून घरात सदरा उलटा घालायची.
मिठी मारली तर म्हणायची, हळू.
मग मी मिठी मारणंच सोडलं.
याला मी काळजी म्हणायचो.

एकदा ती अर्धी बादली घेऊन परतली,
तर बाल्बिनाच्या देखत बोललो,
"हिला काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आलाय."
खाडीवर आवाज लांबवर जातो.

सहा वर्षांनी डॉक्टर इरियानं नाव सांगितलं,
फायब्रोमायल्जिया.
दोसिंदानं ते दोनदा म्हणून पाहिलं,
नव्या सुनेचं नाव म्हणावं तसं.
इरिया म्हणाली, दीपगृहाचा भोंगा समजा,
धुकं नसतानाही वाजतो.
"पण वाजतो तो खराच ना?"
"खराच."
तेव्हा ती रडली. दुखत होतं म्हणून नाही.

इरिया म्हणाली, भरती-ओहोटीसारखं येईल, जाईल.
यावर मात्र आमची बाई हसली.
"भरतीचं कोष्टक असतं, डॉक्टर.
आमच्या चुलीमागे टांगलंय."

त्याच कोष्टकाच्या पाठीवर ती आता पेन्सिलीनं लिहिते:
झोप किती, वारा कुठला,
कोण काय बोललं.
सगळ्यात घातक, तिच्या मते, चांगला दिवस.
असाच एक दिवस होता,
हिनं सगळे बटाटे काढले,
आणि चार दिवस जिन्याकडे नुसतं पाहत बसली.

तिच्या कामाची मापाची पट्टी अजून खिळ्याला आहे.
फटीतून निसटेल ती तिसरी लहान, परत पाण्यात.
सकाळी कॉफीच्या वेळी ती पट्टी हातात घेते
आणि दिवस तिच्यातून घालते.
पडदे धुणं? पाण्यात.
नणंदेचा वाढदिवस? पाण्यात, तिला फोन करीन.
गरम पाण्यात पाय सोडून बसणं, हे ठेव.
धक्क्यापर्यंत चालणं, हे ठेव, पण अर्ध्यातून परत.
काही दिवस बादलीत एकच असतं:
केस विंचरणं.
त्या दिवशी ती सावकाश विंचरते.

मला विचारा, मी काय शिकलो.
"बरं वाटतंय का" असं विचारायचं नाही.
बाल्बिनाकडे जाऊन माझे शब्द परत घ्यायचे;
गेलो, तिनं दारातच उभं ठेवलं, बरोबर केलं.
आणि जाळी विणणाऱ्या या हातांनी
तिच्या कपड्यांची लेबलं उसवायची.

काल नवा झगा आणला. दिव्याखाली बसून
मानेचं लेबल काढलं, कुशीतलं काढलं.
तिनं घातला, खांदा जरा हलवला,
काही बोलली नाही.
झगा उतरवून माझ्या मांडीवर ठेवला,
एका जागी बोट टेकवून.
एक दोरा राहिला होता.
मी चष्मा पुसून परत कात्री घेतली.